आवाजाची गाडी

इलाही एजंटनं गाडीच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि उभी गाडी जागच्या जागी गुरगुरली.

"ऐकलं काय रावसाहेब? आत इंजिन न्हाई, डिझेल न्हाई, धूर न्हाई. सगळा मामला करंटवर. ह्यो आवाज नुस्ता स्पीकरचा हाय, खोटा. पर गल्लीच्या टोकाला कळतंय कोण यायलंय ते."

मी मागं आईशेजारी बसले होते. ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी पुढच्या दोन सीटांच्या मधे डोकं घातलं.

"परत एकदा करा की चाचा."

इलाहीनं परत केला. आबानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि हसला. आबा म्हणजे माझा बाप. तो हसला की मी सावध व्हायची, कारण हसण्याच्या मागनं काय येईल ते कधी ठरलेलं नसायचं.

"हर्षीला पटली," तो म्हणाला. "बघू, पळतीय कशी."

गाडी पुण्याच्या कुणा बिल्डरच्या पोराची होती. लालभडक, बुटकी, शर्यतीच्या घोड्यासारखी. वर्ष-दोन वर्षं उडवून त्यानं विकायला काढली आणि इलाही ती सांगलीत घेऊन आला. बायपासला लागेपर्यंत आबा सरळ चालवत होता. मग त्यानं पाय दाबला.

आमच्या जुन्या जीपमध्ये वेग सांगून सवरून यायचा. आधी आवाज, मग थरथर, मग वेग. हिच्यात तसलं काही नाही. माझं डोकं मागं आपटलं ते तिथंच चिकटलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रेलर, आणि समोरनं एसटी. आईनं माझ्या मनगटात नखं रोवली.

"अहो," ती म्हणाली, "हळू घ्या की."

बोलायला नको होतं. इलाहीला ते माहीत नव्हतं, मला होतं. आबानं परत आरशात बघितलं, या वेळी आईकडं, आणि तिच्या डोळ्यांत बघत बघत पाय आणखी दाबला. रस्त्याकडं तो बघतच नव्हता. ट्रॅक्टरवाल्याचं तोंड मला खिडकीतनं दिसलं, खालच्या ओठाला विडी चिकटलेली. एसटीचा हॉर्न कानातनं आरपार गेला. इलाही "या अल्ला" म्हणाला. त्यानंतर आम्ही उजवीकडनं परत डावीकडं कसे आलो ते मला आजही सांगता यायचं नाही.

पुढं ढाब्यापाशी थांबल्यावर आई उतरून ओकली. इलाहीनं तिला पाण्याची बाटली दिली.

"आमच्या मंडळींना बैलगाडीच बरी," आबा म्हणाला आणि त्यानं इलाहीच्या पाठीत थाप मारली. "गाडी एक नंबर."

"गाडी एक नंबरच हाय सायेब. डायवर बघून मला घरी जावंसं वाटाय लागलंय."

आबा खदाखदा हसला. बाहेरच्या माणसाचं काहीही तो हसण्यावारी न्यायचा. बाहेर लई गोड माणूस होता तो. पोरीच्या जातीला फोन कशाला, असं घरात म्हणायचा आणि बाहेर महिला दिनाला सत्कारात नारळ वाटायचा.

"आबा," मी म्हणाले, "हीच घेऊया. हीच पाहिजे."

आई तोंड पुसता पुसता थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मरता मरता वाचलेल्या पोरीनं असं का म्हणावं? सांगते.

पलूसच्या बाहेर रस्त्यालगत आमचं घर. आबाची मातीची, मुरमाची कंत्राटं. त्याची डिझेल जीप पतसंस्थेच्या कोपऱ्यावर वळली की गिअर उतरल्याचा एक वेगळा आवाज यायचा. तिथनं दारापर्यंत यायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आमचं घर बदलायचं. टीव्ही बंद. फोन ज्वारीच्या डब्यात. चपला जोडीनं. माझ्यापुढं फिजिक्सचं पुस्तक, आईच्या हातात काहीतरी काम. हसू असलं तर तेही आत. जीप दारात थांबायची तेव्हा आमच्याकडं बोट दाखवायला त्याला काही सापडायचं नाही. मग तो दुसरं काहीतरी शोधायचा, पण शोधायला वेळ लागायचा, आणि कधी कधी तेवढ्यात त्याला भूक लागायची.

एकदा जीप गॅरेजला होती आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून तो आला. मोटरसायकली तर दिवसभर जायच्याच. आम्ही टीव्हीपुढं होतो, आई खोखो हसत होती. त्या दिवशी तिचा दात गेला. कारण विचारू नका. हसत होती, हेच कारण.

तर जीपचा जीव गेला आणि पतसंस्थेच्या चेअरमननी करंटवरची गाडी घेतली होती म्हणून आबालाही तसलीच पाहिजे झाली, तेव्हापासून मला झोप नव्हती. मी बारावीला होते. असल्या गाड्यांना आवाज नसतो, एवढं मला माहीत होतं. आवाज नसलेल्या गाडीतनं आबा घरी येणार, याच्यापुढं बारावीची कसली भीती? आणि आता ही लाल गाडी गुरगुरत होती. स्पीकर का असेना, गल्लीच्या टोकाला कळणार होतं. वेगानं एखादवेळेस तो मरेल, हेही डोक्यात आलं. आलं म्हणजे आलं. ते मी लपवणार नाही.

दुसरी गाडी बघायला कोल्हापूरला गेलो. शोरूममधली, नवीकोरी, पांढरी, साधी. गायकवाड मॅडम म्हणून एक तरुण बाई दाखवायला होत्या.

"कर की चालू," आबा म्हणाला.

"चालूच आहे सर."

मी कान दिला. काही नाही. पंख्याचा आवाज जास्त होता.

"ह्यात आवाजाचं बटण नसतं काय?" मी विचारलं.

"नाही गं. उलट लोकांना शांत आवडते," मॅडम म्हणाल्या. मग आईकडं वळल्या. "वहिनी, तुम्हाला काही विचारायचंय?"

आई गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होती. "एकदा चार्जिंग केली की कुठवर जाते ही?"

"तुला कुठं जायचंय?" आबा म्हणाला.

शोरूममधली दोन-तीन माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात आईला काहीतरी सांगितलं, आणि मग जरा मोठ्यानं म्हणाल्या, "वहिनी, चालवून तर बघा. गिअर नाही, क्लच नाही. अंगणातच फिरवा."

"हिला?" आबाला एकदम जोर आला. लोक बघत होते ना. "असली गाडी तर आमची म्हैस पण चालवंल. जा गं शालन, बस. बघूया म्हैस मोठी का तू."

आईनं पदर खोचला आणि बसली. गाडी जरा पुढं सरकली, कचकन थांबली. परत सरकली, परत थांबली. आईचं डोकं कोंबडीसारखं पुढं-मागं होत होतं. मग तिनं अंगणातला प्लास्टिकचा शंकू उडवला आणि तो चाकाखाली तसाच फरफटत नेला. आबाच्या डोळ्यांतनं पाणी आलं हसून हसून. आई मान खाली घालून उतरली. मला तिची कीव आली आणि रागही आला. कशाला बसायचं, येत नाही तर?

लाल गाडीचं टोकन दुसऱ्या दिवशी द्यायचं असं आबानं वाटेतच ठरवलं. मला वाटलं, सुटलो.

जेवताना तो इलाहीशी फोनवर बोलला. "कागदाचं बघू सावकाश, नावावर करायची घाई न्हाई," वगैरे. फोन ठेवला आणि भाकरी मोडली. आई आमटी वाढत होती.

"लाल गाडी चांगलीच आहे," ती म्हणाली. "फक्त..."

मी तिच्याकडं डोळे मोठे केले. गप. गप बस.

"फक्त काय?" आबा म्हणाला.

"चेअरमन चार माणसांत बोलायला कमी करायचे न्हाईत. म्हणतील, पुण्याच्या पोराचं उतरलेलं रावसाहेब घालतोय."

आबाचा घास हातातच राहिला. मी ताट घेऊन मागं सरकले, भिंतीपर्यंत.

"माझी लायकी काढतीस?"

"मी न्हाई. लोक काय म्हणतील ते सांगितलं."

पातेलं उडालं ते मला दिसलं, हात उठला तो दिसला नाही. आई चुलीच्या कडेला पडली. आणि पडल्या पडल्या, डोक्यावर हात धरून, ती परत म्हणाली, "उतरलेलं ते उतरलेलंच."

असं तिनं जन्मात केलं नव्हतं. पडली की ती गप व्हायची, तोच नियम होता आमच्या घरचा. मला वाटलं आज हिला तो मारून टाकतो. पण आबा उभाच राहिला. त्याच्या डोक्यात चेअरमन शिरला होता, ते दिसत होतं. लाथ मारली ती पाटाला. मग चप्पल घालून बाहेर गेला.

मी आईला उठवलं नाही. सांगते ना, सगळंच सांगते. मी तिच्यावर ओरडले. हळू आवाजात ओरडले, आम्हाला तसंच यायचं.

"का बोललीस? तुला कळतंय काय, त्या पांढऱ्या गाडीचा आवाज येत न्हाई? कळणार कसं आपल्याला, तो आला ते?"

आई फडक्यानं आमटी टिपत होती.

"तुला मार खायची सवय लागलीय," मी म्हणाले. "मला कशाला लावतीस?"

"जेव तू," ती म्हणाली. "भाकरी वाळतीय."

आठवड्याच्या आत पांढरी गाडी दारात आली. कोरी, आणि आईच्या नावावर. आबाचं सगळंच आईच्या नावावर असायचं. रान, ट्रॅक्टर, ठेवी. कंत्राटदार कधी बुडला तर बायकोच्या नावावरचं कोण नेत नाही, अशी त्यांच्यातली पद्धत. सगळे कंत्राटदार तेच करतात आणि स्वतःला लई हुशार समजतात. बायको म्हणजे तिजोरी. तिजोरी उठून चालायला लागेल असं कुणाच्या मनात येतंय?

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. गाडीला कुंकू लावताना आई पुटपुटली, "नव्या गाडीचं तोंड उगवतीला असावं म्हणतात. गेटकडं." आबा असल्या गोष्टींना भ्यायचा. त्या दिवसापासनं तो गाडी उलटी घेऊन लावायला लागला.

आणि मग सुरू झालं.

पहिल्या दिवशी मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. पाठीमागं कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. वळले तर आबा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं फोन घेतला, उंबऱ्यावर ठेवला आणि वरवंट्यानं फोडला. त्याचं त्यालाच मग ध्यानात आलं की गाडीचा आवाज येत नाही. त्याला मजा वाटायला लागली. मुद्दाम मधेच घरी यायचा. खिडकीशी येऊन उभा राहायचा. मी टीव्ही सोडला, बोलणं सोडलं. दाराकडं पाठ करून बसणं सोडलं. न्हाणीत तांब्या अंगावर घेताना मधेच थांबून ऐकायची. काय ऐकायची? काहीच नाही. ते काहीच नसलेलं ऐकून ऐकून माझे कान दुखायचे. कुत्रं भुंकलं तरी हातातलं सांडायचं. वजन उतरलं. मास्तरांनी विचारलं, आजारी आहेस का.

आणि आई निवांत. त्याचाच मला जास्त संताप यायचा. रोज सकाळी ओला फडका घेऊन गाडी पुसायची, आत बसून काचा पुसायची.

"बटणं दाबू नको म्हशे," आबा सोप्यातनं ओरडायचा. "परत शंकू उडवशील!"

"न्हाई वो," आई म्हणायची.

किल्ली तो खुंटीला अडकवायचा, टोपीशेजारी. आवारात गाडी कधी लॉक करायचा नाही. कुणासाठी करणार? चोराला गेट होतं, आणि घरात म्हैस होती.

माझी परीक्षा संपली त्याच्या नंतरचा रविवार. मटण झालं, आबा जेवून सोप्यातल्या बाजेवर आडवा झाला. मी भांडी घासत होते. आई मागनं आली आणि तिनं नळ बंद केला.

"हात पूस. चल."

"कुठं?"

"गाडीत बस. दार ओढून घे, आपटू नको."

मला कळलं नाही असं नाही. कळलं. आईनं माझा ओला हात धरला आणि मला सोप्यातनं नेलं. आबा तोंड उघडं टाकून झोपला होता, ओठाच्या कडेला माशी. त्याच्या पायाला माझा परकर घासला. गेट आधीच उघडं होतं. बिजागऱ्यांतनं तेलाचा ओघळ आला होता. चार्जिंगची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती. मी पुढच्या सीटवर बसले आणि दार कुशीत धरल्यासारखं ओढलं.

आई बसली. तिच्या उजव्या हाताची, सोप्याकडची काच खाली होती. गाडी चालू झाली का नाही मलाच कळलं नाही. मग अंगण सरकायला लागलं आणि चाकाखाली खडी करकरली. जन्मभर त्या खडीवरनं चालले, ती एवढी वाजते हे मला माहीत नव्हतं. आणि त्यात गाडी टिंग टिंग करायला लागली. माझा पट्टा. पट्टा लावला नव्हता. मी तो ओढते, तो अडकतो, सोडते, ओढते, टिंग टिंग टिंग.

बाज वाजली. आबा कुशीवर वळला.

"शालन," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. "पाणी आण."

मला वाटलं आई आता उतरणार. बारा महिने चोवीस तास तिनं तेच केलं होतं, कुठंही असली तरी. तिचा हात दाराकडं गेला असं मला दिसलं. गेला नसेलही.

"आणते," आई म्हणाली. रोजच्या आवाजात. आणि पाय दाबला.

गेट मागं गेलं, पतसंस्थेचा कोपरा गेला, गुऱ्हाळ गेलं. पट्टा खट्कन बसला. मी मागं वळून बघत होते. रस्त्यावर कुणी नव्हतं, तरी मी बघत होते. आईची गाडी रेषेत चालली होती. गचका नाही, धक्का नाही. समोरनं आलेल्या ट्रकला तिनं नीट बाजू दिली.

"तुला येतंय?"

"लग्नाआधी माझ्या बाबांचा ट्रॅक्टर कोण चालवत होतं? नांगरट मीच करायची."

"मग शोरूममधला तो शंकू?"

"बरोबर मधोमध उडवायचा होता," आई म्हणाली. "लई जपून चालवावी लागली."

मला हसू आलं आणि ते रडण्यासारखं बाहेर पडलं. ट्रॅक्टरचं ती पुढंही बोलत होती, पण तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरीफट्ट होती. तिलाही भीती वाटत होती. तेव्हा पहिल्यांदा मला ते दिसलं.

"तक्रार देईल की तो. गाडी चोरली म्हणून."

"देऊदे. कागद कुणाच्या नावावर आहेत ते पोलीस विचारतीलच. लाल गाडीचे कागद त्या पुण्याच्या पोराच्याच नावावर राहिले असते."

झालंही तसंच पुढं. पोलीस झाले, पंच झाले, पतसंस्थेच्या चेअरमननी मध्यस्थी केली, रानावर कोर्ट झालं. ती वेगळी दहा वर्षं आहेत. त्या दुपारी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ती इतके दिवस मला एकटीला भीतीत ठेवून गप बसली होती.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणाले. "मी मरत होते रोज. तुला काय, तू निवांत. मी कान देऊन बसायची जीपसाठी, आपल्या दोघींसाठी बसायची. आणि तू ती पण सोय घालवलीस."

आई काही बोलली नाही. बराच वेळ. मला वाटलं तिला राग आला. मग तिनं मान माझ्याकडं वळवली.

"काय म्हणालीस?"

"सोय घालवलीस म्हणाले. जीपच्या आवाजाची."

"मला कधी यायचाच न्हाई गं जीपचा आवाज," आई म्हणाली. "हा डावा कान तू बालवाडीत होतीस तेव्हाच गेला. उजव्यानं जवळचं तेवढं येतं. तो आला ते मला तुझ्या तोंडावरनं कळायचं. तू पांढरी पडायचीस. मग मी उठायची." तिनं परत रस्त्याकडं बघितलं. "सांगितलं असतं तर तेही तोंडावर दिसलं असतं तुझ्या. त्याला पण वाचता येत होतं."

मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. आयुष्यभर कितीदा त्या बाजूला बसून मी तिच्याशी कुजबुजले असेन. ती हूं म्हणायची.

पुढं रस्ता फुटत होता. एक फाटा सांगली शहरात शिरत होता, दुसरा बाहेरनं अथणीकडं. तिथं मावशी वाट बघतीय, असं आईनं मगाशी सांगितलं होतं. शहरातल्या चौकात आबाच्या ओळखीची माणसं बसतात. आई शहराचाच रस्ता धरायला लागली. पाटी झाडाआड होती, तिला दिसली नाही.

"आई, डावीकडं," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. फाटा जवळ आला.

"आई!" मी बोंबलले, छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं काढून. "डावीकडं! डावीकडं घे!"

बाहेर सायकलवरचा माणूस दचकून उतरला.

"अगं हळू की," आई म्हणाली आणि तिनं स्टिअरिंग डावीकडं फिरवलं. "एकच राहिलाय, तो तरी ठेव."